आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण आपण एरवी थट्टेने वापरतो. रोग एक आणि औषध दुसरे, तक्रार एकाची आणि चौकशी भलत्याचीच, असे कोठे दिसले की ती सहज तोंडी येते. परंतु तिचा शब्दशः अर्थ घेण्याचे प्रसंग आपल्या शहरांवर वारंवार येतात, आणि त्या प्रसंगी थट्टेस जागा उरत नाही. बाजारपेठेतील एखाद्या दुकानास मध्यरात्री आग लागते. शेजारी जागे होऊन बादल्या घेऊन धावतात. कोणी दूरध्वनीवरून वर्दी देतो. आणि मग सारी आळी रस्त्याच्या टोकाकडे डोळे लावून घंटेची वाट पाहत उभी राहते. बंब वेळेवर आला तर एका दुकानाचे नुकसान होते. उशिरा आला तर ओळच्या ओळ जळते. या दोन परिणामांतील अंतर दैवाचे नसून व्यवस्थेचे आहे. त्या व्यवस्थेचा हिशेब कोण कोणास देतो, हा प्रश्न आज आम्हांस वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

दरसाल १४ एप्रिल रोजी देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजास आग लागली. जहाजाच्या पोटात कापसाच्या गठ्ठ्यांबरोबर सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्य होते. दलाचे लोक पाण्याचा मारा करीत असतानाच दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटले, अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला, आणि अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान कामावर असता मरण पावले. त्यानंतर एकाहत्तर वर्षांनी, २०१५ च्या मे महिन्यात, काळबादेवीतील ‘गोकुळ निवास’ या जुन्या इमारतीची आग विझविताना इमारत कोसळली व मुंबईने आपल्या मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यासह चार अधिकारी गमावले. अशा माणसांपुढे कोणाचेही मस्तक आपोआप लवेल. परंतु शौर्याचे गुणगान करून व्यवस्थेचा प्रश्न टाळण्याची एक सोयीस्कर सवय आपणांस जडली आहे. स्मारकास पुष्पहार वाहिला, भाषणे झाली, संचलन झाले, की वर्षाचे कर्तव्य संपले. जो जवान उद्या धुरात शिरणार, त्याच्या पाठीशी उभा राहणारा दुसरा जवान नेमलेला आहे की त्याची जागा कित्येक वर्षे रिकामी आहे, हे त्या दिवशीही कोणी विचारीत नाही.

प्रथम कायद्याकडे पाहू. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ हा कायदा आहे व तो डिसेंबर २००८ पासून अमलात आहे. या कायद्याने इमारतीच्या मालकावर व भोगवटादारावर आगीपासून बचावाची साधने बसविण्याचे व ती चालू स्थितीत राखण्याचे बंधन घातले आहे. एवढेच नव्हे, तर ती साधने चालू आहेत असे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरसाल जानेवारीत व जुलैत, असे दोन वेळा, अग्निशमन अधिकाऱ्याकडे दाखल करावे लागते. कसूर करणाऱ्यास नोटीस, वीज व पाणी तोडणे, जागा मोहोरबंद करणे, खटला, असे चढत्या क्रमाचे उपाय कायद्यात सांगितलेले आहेत. या बंधनांविषयी आमची तक्रार नाही. जो चित्रगृह चालवितो, खानावळ चालवितो, कापडाचा साठा ठेवितो, त्याने दुसऱ्याच्या जिवाची काळजी घेतलीच पाहिजे, आणि ती तो आपण होऊन घेत नसेल तर कायद्याने त्यास ती घ्यावयास लावली पाहिजे.

परंतु व्यापाऱ्याच्या दुकानातील नळकांडे भरलेले आहे की रिकामे, हे वर्षातून दोनदा पाहणारा कायदा, ज्या केंद्रातून बंब निघावयाचा त्या केंद्राकडे वर्षातून कितीदा पाहतो? बंब चालू आहे काय, त्याला चालक आहे काय, रात्रपाळीस किती माणसे हजर असतात, श्वसनयंत्रे किती व ती भरलेली आहेत काय, शिडी किती मजल्यांपर्यंत पोचते, याचे प्रमाणपत्र जानेवारीत व जुलैत कोण कोणाकडे दाखल करतो? परीक्षा घेणाराची परीक्षा कोणी घेत नाही, ही या विषयातील मूळ उणीव आहे.

अग्निशमन हे स्थानिक संस्थांचे काम, यात वाद नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांकडे सोपवावयाच्या कामांच्या यादीत सातवे काम अग्निशमन सेवेचे आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यातील कलम ६१, इतर महानगरपालिकांच्या कायद्यातील कलम ६३ आणि नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यातील कलम ४९ या तिन्ही ठिकाणी आगीपासून जीवित व मालमत्ता यांचे रक्षण हे ऐच्छिक नव्हे तर आवश्यक कर्तव्यांत मोडते. महानगरपालिकांच्या घरपट्टीत तर या खर्चासाठी निराळा अंश धरण्याची तजवीज कायद्यातच आहे. म्हणजे नागरिक या सेवेचा मोबदला आगाऊ भरून बसला आहे. असे असता त्या पैशाच्या बदल्यात त्यास किती सेवा मिळावी, याचा आकडा या कलमांत कोठेही नाही. इतक्या वस्तीस इतकी केंद्रे, इतक्या केंद्रांस इतके बंब, इतक्या बंबांस इतकी माणसे, असे काही त्यांत लिहिलेले नाही. एक जुना बंब व चार थकलेली माणसे ठेवूनही संस्था म्हणू शकते की आम्ही कर्तव्य पार पाडीत आहो. आणि कायद्याच्या अक्षराशी ताडून पाहता तिला खोटे ठरविणे कठीण जाते.

आकडे सांगणारे कोणी नाहीत असे नाही. केंद्र सरकारच्या गृहखात्यास सल्ला देणारे अग्निशमन सल्लागार मंडळ १९५५ पासून आहे. शहरी भागात दहा चौरस किलोमीटरला व ग्रामीण भागात पन्नास चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे. वर्दी मिळाल्यापासून शहरात पाच ते सात मिनिटांत व ग्रामीण भागात वीस मिनिटांत बंब पोचावा, अशी मानके देशात सर्वत्र उद्धृत केली जातात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१२ साली आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेत या मानकांशी देशाची स्थिती ताडून पाहिली, तेव्हा केंद्रांत ९७.५४ टक्के, वाहनांत ८०.०४ टक्के व मनुष्यबळात ९६.२८ टक्के तूट असल्याचे नमूद झाले. त्यानंतर पुष्कळ केंद्रे नवी झाली असतील, वाहने आली असतील. तरी त्या आकड्यांतील बोध जुना झालेला नाही. ज्या मानाप्रमाणे शंभरांतील सत्त्याण्णव उणे पडतात ते मान कोणावर बंधनकारक नव्हते, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय देशाचा आकडा दशांशापर्यंत काढला गेला. पण नाशिकच्या, सांगलीच्या किंवा परभणीच्या एखाद्या गृहस्थाने ‘माझ्या गावची तूट किती?’ असे विचारले, तर त्यास दरसाल छापून हातात देता येईल असा कागद असावा, याची जबाबदारी कोणावर टाकलेली नाही.

मनुष्यबळाचा प्रश्न वाहनांच्या प्रश्नाहून अधिक बिकट असून तोच लोकांच्या ध्यानी कमी येतो. नवा बंब आला की तो रस्त्यावर दिसतो. त्यास हार घालतात, नारळ फोडतात, छायाचित्र निघते. रिकामे पद कोणास दिसत नाही. एक साधा हिशेब करून पाहू. एका बंबावर चालकासह सहा माणसे असावीत असे धरले, तर आठ तासांच्या तीन पाळ्यांस अठरा माणसे लागतात. प्रत्येकास आठवड्याची सुट्टी द्यावयाची तर हा आकडा एकवीस होतो. रजा, आजारपण व प्रशिक्षण जमेस धरता तो चोविसा-पंचविसांवर जातो. म्हणजे एका बंबामागे पंचवीस माणसे. त्या ठिकाणी बाराच असतील, तर कोणत्याही पाळीस तीन किंवा चार जण हाती येतात. चालकास पंपापासून हलता येत नाही. दोघे पाण्याची नळी धरतात. मग श्वसनयंत्र बांधून आत शिरावयाचे कोणी? धुराने भरलेल्या खोलीत एकट्याने शिरू नये, जोडीने शिरावे आणि बाहेर एकाने त्यांच्या वेळेवर लक्ष ठेवावे, हा या धंद्याचा पहिला पाठ. माणसे अपुरी असली की एकतर आत अडकलेल्यांची सुटका लांबते, किंवा जवान हा पाठ मोडून आत उडी घेतो. पहिल्यात नागरिक मरतो, दुसऱ्यात जवान मरतो. बंद खोलीत आग भडकली की काही मिनिटांत खोलीतील सर्व वस्तू एकदम पेट घेतात, आणि ज्वाळेपेक्षा धूर अधिक जीव घेतो. येथे जो उशीर होतो तो मागाहून कोणत्याही चौकशीने भरून निघत नाही.

आता कोणी म्हणेल की ही सारी नगरपालिकांची हयगय. यात राज्य सरकारचा काय दोष? आमचे उत्तर असे की स्थानिक संस्थांच्या नोकरवर्गावर राज्य सरकारची देखरेख नाही, ही समजूतच चुकीची आहे. देखरेख आहे, आणि ती कडक आहे. फक्त तिचे तोंड उलट्या दिशेस आहे. कोणत्या संस्थेत किती पदे असावीत याचा आकृतिबंध सरकारच्या मंजुरीवाचून होत नाही. आस्थापनेचा खर्च उत्पन्नाच्या पस्तीस टक्क्यांवर गेला तर भरतीस आडकाठी येते. अत्यावश्यक पदांसाठी सरकार ही अट प्रसंगी सैल करते. पण ती कृपा झाली, नियम नव्हे. याचा परिणाम असा होतो की जी संस्था गरीब, जिचे उत्पन्न थोडे, तिलाच जवान नेमणे सर्वांत कठीण. आणि आगीचे भय मात्र उत्पन्न पाहून गावात येत नाही. सरकारने कमाल मर्यादा घालून दिली, किमान मर्यादा घालून दिली नाही. तिजोरीतून किती जाऊ नये हे सांगितले. केंद्रात किती असलेच पाहिजेत हे सांगितले नाही. एका हाताने भरती रोखावयाची आणि दुसऱ्या हाताने दुर्घटनेनंतर नगरपालिकेकडे बोट दाखवावयाचे, हा न्याय आम्हांस समजत नाही.

आणि सरकारने दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी स्वतःच्या घराकडेही पाहावे. २१ जून २०१२ रोजी खुद्द मंत्रालयास आग लागली. चौथ्या मजल्यावर उठलेल्या ज्वाळांनी वरचे मजले गिळले, माणसे दगावली, आणि ज्या इमारतीतून राज्यभर नियमांची पत्रके निघतात त्या इमारतीतील कागद जळून गेले. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके आगीत गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात अकरा रुग्णांचा अंत झाला. ही तिन्ही स्थळे खाजगी मालकाची नव्हती. भंडाऱ्यानंतर राज्यातील रुग्णालयांची तपासणी करण्याच्या आज्ञा सुटल्या. दहा महिने उलटण्याच्या आत दुसऱ्या जिल्हा रुग्णालयातून प्रेते बाहेर काढावी लागली. आज्ञा सोडणे आणि ती पाळली गेली की नाही हे पाहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे सांगण्यास याहून दुःखद दाखला आम्हांस नको आहे.

‘न्यायालये आहेत, तेथे दाद मागावी,’ असेही काहीजण सुचवितात. आमचा स्वतःचा व्यवसाय वकिलीचा असल्याने या सूचनेचे मोल आम्ही जाणतो, आणि तिची मर्यादाही जाणतो. दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रगृहात १३ जून १९९७ रोजी एकोणसाठ माणसे गुदमरून मेली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ साली नुकसानभरपाईचा बोजा चित्रगृहाचा मालक, वीज मंडळ, महापालिका व परवाना देणारे अधिकारी अशा चौघांवर वाटला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली महापालिकेस व परवाना अधिकाऱ्यांस त्यातून मुक्त केले. कारण कायद्याने सोपविलेले कर्तव्य पार पाडण्यात सार्वजनिक संस्थेकडून कसूर झाली तरी, दुष्ट हेतू किंवा अधिकाराचा बुद्ध्या केलेला दुरुपयोग असल्यावाचून, तिच्याकडून पैशाच्या रूपाने भरपाई घेता येत नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. या निर्णयाच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. परंतु त्यातून निघणारा व्यावहारिक धडा उघड आहे. जळालेल्या घराच्या धन्याने नगरपालिकेस कोर्टात खेचून केंद्रात माणसे भरवून घेण्याचा मार्ग फार अरुंद आहे, आणि त्या मार्गाने चालावयास चौदा वर्षे लागू शकतात. हे काम न्यायाधीशाचे नव्हे; ते कायदेमंडळाचे व सरकारचे आहे.

परदेशात या प्रश्नाचा विचार कसा झाला तेही पाहण्याजोगे आहे. ज्या १९४७ साली आपण स्वतंत्र झालो त्याच साली विलायतेच्या पार्लमेंटाने अग्निशमन सेवांचा कायदा केला. त्याच्या एकोणिसाव्या कलमाचे सार असे होते की मंत्र्याच्या संमतीवाचून कोणत्याही स्थानिक अग्निशमन संस्थेने आपली केंद्रे, बंब किंवा जवानांची पदे कमी करू नयेत. पैशाची ओढाताण झाली म्हणून गुपचूप एक केंद्र बंद केले, दहा जागा रिकाम्या ठेविल्या, असे करण्याची सोय नव्हती. कारणे सांगून परवानगी मागावी लागे, आणि ज्या वस्तीचे केंद्र जाणार तिला आपले म्हणणे मांडण्यास वेळ मिळे. २००४ च्या नव्या कायद्याने जुना कायदा गेला व स्थानिक धोका पाहून व्यवस्था ठरविण्याची मोकळीक संस्थांस मिळाली. परंतु मोकळीक दिली म्हणून पाहणी सुटली नाही. पोलीस दलांची तपासणी करणाऱ्या निरीक्षक खात्याकडे २०१७ साली इंग्लंडातील अग्निशमन सेवांचीही तपासणी सोपविण्यात आली, आणि कोणती सेवा उत्तम, कोणती अपुरी, हे नावानिशी प्रसिद्ध होऊ लागले. विलायतेत सारे आलबेल आहे असे आमचे म्हणणे नाही. त्याच २०१७ साली लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये बहात्तर माणसे आगीला बळी पडली. आमचे म्हणणे इतकेच की जे अपुरे आहे त्यास सरकारी कागदात ‘अपुरे’ असे म्हणण्याची रीत तेथे आहे, आणि ती रीत आपण आपल्या बुद्धीने व आपल्या गरजेप्रमाणे आपल्याकडे पाडली पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला पैशाचा. पैसा मुळीच नाही असे आता म्हणवत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने २०२३ साली राज्यांतील अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी पाच हजार कोटी रुपयांची योजना काढली. परंतु असा निधी मुख्यतः इमारती, उपकरणे व प्रशिक्षण यांसाठी असतो. महिन्याच्या महिन्यास द्यावयाचा पगार त्यातून निघत नाही. म्हणूनच किमान मनुष्यबळाचा नियम आधी व्हावा, असा आमचा आग्रह आहे. तो नसला तर नवी वाहने नव्या छपराखाली उभी राहतील आणि चालक मात्र जुनाच, तोही निवृत्तीस आलेला, असा देखावा ठिकठिकाणी दिसेल. शिकविण्याची सोय आपणांकडे नाही असेही नाही. १९५६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय कित्येक दशके आपल्याच नागपुरात आहे.

दुसरा आक्षेप स्वायत्ततेचा. राज्य सरकारने स्थानिक संस्थांच्या कारभारात हात घालू नये, असे म्हणणाऱ्यांत आम्हीही आहो. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावापासून स्थानिक स्वराज्य हा राष्ट्रीय राजकारणाचा पहिला धडा मानला गेला, आणि तो आम्ही विसरलेलो नाही. परंतु बंब कोठे ठेवावा, केंद्र कोणत्या पेठेत बांधावे, हे ठरविण्याचा हक्क स्थानिक प्रतिनिधींचा असणे निराळे, आणि मुळी बंबच न ठेवण्याचा हक्क मागणे निराळे. पुरेसे अन्न शिजवावे असे सांगणारा मनुष्य भाजी कोणती करावी हे सांगत नाही. शिवाय दुसरी गोष्ट अशी की २०२२ नंतर कित्येक वर्षे महाराष्ट्रातील बहुतेक महानगरपालिका निवडलेल्या प्रतिनिधींवाचून, सरकारने नेमलेल्या प्रशासकांच्या हाती चालल्या. त्या काळात स्थानिक संस्था आणि राज्य सरकार यांत भिंतच उरली नव्हती. त्या वर्षांत किती पदे भरली गेली, याचा जाब स्वायत्ततेच्या आड लपून टाळता येणार नाही. आपले कर्तव्य न करणाऱ्या संस्थेस आज्ञा करण्याचा, आणि ती न ऐकल्यास तिच्या खर्चाने दुसऱ्याकडून ते काम करवून घेण्याचा अधिकार महानगरपालिकांच्या कायद्यांत राज्य सरकारास पूर्वीपासूनच आहे. उणीव अधिकाराची नाही; तो वापरण्यापूर्वी ज्या मोजमापाची गरज आहे त्या मोजमापाची आहे.

तेव्हा आमची मागणी स्पष्ट शब्दांत मांडतो. पहिली गोष्ट, सरकारने वस्ती, क्षेत्रफळ, इमारतींची उंची व उद्योगांचे स्वरूप पाहून प्रत्येक महानगरपालिकेस व नगरपरिषदेस लागू होईल असे किमान मान नियमाने ठरवावे. आणि त्यात मंजूर पदे न मोजता प्रत्यक्ष भरलेली पदे मोजावीत. दुसरी, अग्निशमनाची पदे आस्थापना खर्चाच्या पस्तीस टक्क्यांच्या अटीतून कायमची वगळावीत, आणि ठराविक मुदतीहून अधिक काळ पद रिकामे ठेवावयाचे असल्यास संस्थेने लेखी कारण देऊन परवानगी घ्यावी. तिसरी, प्रत्येक केंद्राची वर्षातून एकदा तरी तपासणी व्हावी, आणि ती त्या संस्थेच्या नोकरीत नसलेल्या निरीक्षकाने करावी. त्याचा अहवाल मराठीत विधिमंडळापुढे ठेवावा व त्या त्या केंद्राच्या दारावर लावावा. राज्याच्या अग्निशमन संचालकाचा सल्ला कितीही मोलाचा असला तरी नगरपालिकेचे अंदाजपत्रक त्याच्या हाती नाही. त्याच्या सल्ल्यास लोकमताचे बळ मिळावयाचे तर तो सल्ला लोकांस वाचता आला पाहिजे. चौथी, प्रत्येक वर्दीची वेळ, बंब केंद्रातून निघाल्याची वेळ व स्थळी पोचल्याची वेळ यांची नोंद दरमहा प्रसिद्ध व्हावी. पाचवी, ज्या लहान नगरपरिषदांस स्वतंत्र दल झेपत नाही त्यांचे व भोवतालच्या गावांचे मिळून तालुक्यास एक संयुक्त दल राज्याच्या साहाय्याने उभारावे. कारण कडब्याच्या गंजीस, उसाच्या फडास व कापसाच्या गोदामास लागलेली आग नगरपालिकेची हद्द पाहून थांबत नाही.

शेवटी दोन शब्द आमच्या व्यापारी वाचकांस. वर ज्या बंधनांचा आम्ही उल्लेख केला ती आपणांस जाचक वाटतात, हे आम्ही ऐकून आहो. पण जिन्याखाली मालाचे गठ्ठे रचणे, मागले दार कुलूप घालून ठेवणे, एका तारेवर चार यंत्रांचा भार टाकणे, बोळात पत्रा ठोकून दुकान दोन हात पुढे ओढणे, आणि तपासणीचे प्रमाणपत्र न पाहताच पैसे मोजून आणणे, हे सारे आपल्याच हातचे आहे. अशा बोळात पूर्ण भरलेले दल आले तरी ते काय करणार? स्वतःचे घर नीट ठेविले म्हणजेच दुसऱ्यास जाब विचारण्याचा अधिकार येतो. विम्याने मालाची किंमत येते; जळलेल्या वह्या, तुटलेले गिऱ्हाईक आणि पोटमाळ्यावर झोपलेला नोकर विम्याने परत येत नाही.

आपले घर नीट ठेवून मग मात्र जाब अवश्य विचारावा. व्यापारी संघांनी, सहकारी गृहसंस्थांनी आणि शाळांच्या पालकांनी आपापल्या प्रभागातील अग्निशमन केंद्राकडे एकदा जावे, आणि माहितीच्या अधिकाराचा साधा अर्ज करून तीनच प्रश्न विचारावेत: मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि आज रात्री बारा वाजता हजर असणारी माणसे किती? मिळालेले उत्तर आपल्या नगरसेवकापुढे व आमदारापुढे ठेवावे, आणि अंदाजपत्रकाच्या वेळी पुन्हा ठेवावे. स्वराज्यात सरकार आपले आहे, नगरपालिका आपली आहे, म्हणून त्यांची झोपमोड करण्याचे कामही आपलेच आहे. हे काम आग लागण्यापूर्वी झाले पाहिजे. आग लागल्यानंतर जे विचारले जाते त्यास चौकशी म्हणतात, आणि चौकशीचे कागद आपल्याकडे पुष्कळ साचले आहेत.